नटाचें मोल आणि खुर्चीचें मोल

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत तिकिटांच्या दराची चर्चा कशाला, असें आमचे कांहीं वाचक विचारतील हें आम्ही जाणून आहों. नाटकाच्या परीक्षणांत कथानक, स्वभावरेखन, भाषा व अभिनय यांचा विचार व्हावा. खिडकीवर काय मोजावें लागलें हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न, अशी एक सभ्य समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. कादंबरी महाग झाली तर ती वाचनालयांतून आणतां येते, शेजाऱ्याकडून मागून घेतां येते, दहा वर्षांनीं रद्दीच्या दुकानांत सांपडते. नाट्यप्रयोगाला असा दुसरा जन्म नाहीं. ज्या रात्रीं तो होतो त्या रात्रीं जो आंत बसला त्याच्या पदरीं तो पडला. जो दारांतून परतला त्याच्यापुरतें तें नाटक लिहिलेंच गेलें नाहीं. तेव्हां दाराशीं काय घडतें हाही नाट्यकलेचाच प्रश्न होय, आणि तो तिकिटें विकणाऱ्यांवर सोंपवून टीकाकारांनीं मोकळें होऊं नये.

निमित्त घडलें तें असें. न्यूयॉर्क येथील ब्रॉडवेवर एथेल बॅरीमोर थिएटरांत १९२५ नव्हे, २०२५ सालीं (शेक्सपिअरविषयीं लिहितांना शतकाची चूक सहज होते) ‘ऑथेल्लो’ पुन्हा रंगभूमीवर आला. ब्रॉडवेवर हें नाटक १९८२ नंतर झालें नव्हतें. दिग्दर्शक केनी लिऑन. ऑथेल्लोच्या भूमिकेंत चित्रपटसृष्टीचे विख्यात नट डेन्झेल वॉशिंग्टन, आणि इयागोच्या भूमिकेंत तितकेच चित्रपटप्रसिद्ध जेक जिलनहॉल. फेब्रुवारीच्या अखेरीस पूर्वप्रयोग सुरू झाले, २३ मार्च रोजीं नाटकाचें रीतसर उद्घाटन झालें, आणि ८ जूनला पडदा कायमचा पडला. नाट्यगृह सुमारें एक हजार आसनांचें. त्यांतील पुढच्या खुर्च्यांचा दर ९२१ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें सुमारें ऐंशी हजार रुपये! मार्चच्या आरंभीं, उद्घाटनापूर्वींच, आठ प्रयोगांच्या एका आठवड्यांत अठ्ठावीस लाख डॉलरांवर उत्पन्न झालें. संगीताविना नाटकांत तोंवर ब्रॉडवेवर एवढा गल्ला कोणी जमविला नव्हता. टीकाकारांचीं मतें मात्र दुभंगलीं, आणि मे महिन्यांत टोनी पारितोषिकांसाठीं नामांकनें जाहीर झालीं त्यांत या प्रयोगाला एकही मिळालें नाहीं.

आम्हीं हा प्रयोग पाहिलेला नाहीं. ऐंशी हजारांची खुर्ची ज्या घरांत घेतली जाते तीं घरें निराळीं. परंतु आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव न्यू जर्सींत नोकरीनिमित्त राहतात, व त्यांची थोरली बहीण पुण्यांत महाविद्यालयांत इंग्रजी शिकविते. या भावंडांत त्या वसंत ऋतूंत जो पत्रव्यवहार झाला तो स्नेह्यांनीं आम्हांस कौतुकानें दाखविला. दोघेंही नाटकवेडीं. एकाच घरांत वाढलेल्या दोन सुशिक्षित माणसांचीं मतें एका तिकिटावरून किती दूर जाऊं शकतात हें पाहून आम्हांस जें सुचलें तें येथें मांडतों.

भावाचा पहिला उद्गार असा: “ताई, जन्मभर ज्याला पडद्यावर पाहिलें तो माणूस पन्नास पावलांवर उभा राहून बोलणार आहे. अशी संधि पुन्हा येणें नाहीं.” बहिणीनें उलट टपालीं विचारलें: “तूं ऑथेल्लो पाहावयास निघाला आहेस कीं वॉशिंग्टन?” प्रश्न झोंबणारा आहे, पण सर्वस्वीं न्याय्य नाहीं. नट वगळून नाटक पाहणारा प्रेक्षक आजवर आम्हांस भेटलेला नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढींतील लोक ‘झुंझारराव’ पाहावयास जात तेव्हां ते देवलांचें रूपांतर ऐकावयास जात नसत. ते गणपतराव जोशी पाहावयास जात. शाहूनगरवासी मंडळीच्या या नटाच्या आवाजाचें वर्णन करतांना म्हाताऱ्या माणसांचे डोळे लकाकत. शेक्सपिअरचें नांव त्यांतील कित्येकांस ठाऊकही नसेल. तरी शेक्सपिअर त्यांना भेटला, आणि तो गणपतरावांच्याच कृपेनें भेटला. नट हा दरवाजा आहे. दरवाजा पाहण्यासाठीं आलेला माणूस घरांत शिरत असेल तर त्याला हिणविण्याचें कारण काय? मात्र तो आंत शिरला पाहिजे.

पात्रयोजनेसंबंधीं दोघांचा वाद वयावरून जुंपला. वॉशिंग्टन सत्तर वर्षांचे. बावीस वर्षांचे असतांना, फोर्डम विद्यापीठांत शिकत असतांना, त्यांनीं हीच भूमिका केली होती. म्हणजे या भूमिकेकडे परत यावयास त्यांना जवळजवळ अर्धें शतक लागलें. बहिणीच्या मतें हा उशीर अक्षम्य, भावाच्या मतें हीच गोष्ट हृदयंगम. संहिता काय सांगते? ऑथेल्लो आपलें वय उतरणीस लागल्याचें स्वतःच बोलून दाखवितो आणि त्याच श्वासांत तें फारसें नव्हे असेंही म्हणतो. या दोन वाक्यांच्या फटींत नटानें कोठें उभें राहावें हा त्याचा प्रश्न. चाळिशीपासून साठीपर्यंत जागा पुष्कळ आहे. पॉल रोब्सन यांनीं १९४३ सालीं ब्रॉडवेवर ही भूमिका केली तेव्हां ते पंचेचाळीस वर्षांचे होते, व त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले. सत्तरी ही संहितेच्या सीमेबाहेर नसली तरी कुंपणावर खासच आहे.

परंतु कुंपण ओलांडल्यानें नेमकें काय बिघडतें? येथें मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट चटकन् दिसेल. ‘झुंझारराव’ १८९० सालचें. त्याच देवलांनीं नऊ वर्षांनीं ‘शारदा’ लिहिलें. एकाच लेखणीनें आम्हांस ऑथेल्लोही दिला आणि भुजंगनाथही दिला. पिकल्या केसांचा नवरा व कोंवळी नवरी रंगभूमीवर हातांत हात घालून आलीं कीं आमच्याकडील प्रेक्षागृहांत जी खसखस पिकते ती भुजंगनाथाची देणगी होय. वृद्धाचा मत्सर हा प्रहसनाचा फार जुना मालमसाला आहे. ऑथेल्लोची शोकांतिका घडते ती तो मत्सरी नसतांना मत्सरी केला जातो म्हणून. त्याच्या संशयाला वयाचें सोपें कारण मिळालें, तर इयागोच्या कारस्थानाचें अर्धें काम पंचांगानेंच केल्यासारखें होतें. मोठा नट हा धोका ओळखतो व चालण्याबोलण्यांतून तो टाळतो. पण टाळण्यांत खर्ची पडणारी शक्ति भूमिकेतूनच वजा होते, हें विसरून चालणार नाहीं.

गंमत अशी कीं, सबंध पत्रव्यवहारांत इयागोच्या वयाचा उल्लेख एकदांही नाहीं. वस्तुतः इयागो हा आपलें वय स्वमुखानें सांगणारा इसम आहे: चार वेळां सात, म्हणजे अठ्ठावीस. जिलनहॉल चव्वेचाळीस वर्षांचे. आमच्या मतें हा सोळा वर्षांचा फरक ऑथेल्लोच्या वयापेक्षां अधिक महत्त्वाचा आहे. अठ्ठाविसाव्या वर्षीं बढती हुकलेल्या शिलेदाराच्या मनांत जें येतें तें हांव व उर्मटपणा; चव्वेचाळिसाव्या वर्षीं हुकलेली बढती ही सबंध आयुष्याची नामुष्की असते. ऑफिसांत ज्यांनीं वर्षे काढलीं आहेत त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाहीं. दुसऱ्या प्रकारचा इयागो अधिक भयंकर होतो, कारण तो अधिक ओळखीचा असतो. तेव्हां पात्रयोजनेची चर्चा करावयाची तर एकेका नटाचें वय मोजून होत नाहीं. दोघांमधील अंतर मोजावें लागतें. हें नाटक एका नायकाचें नव्हे, दोन माणसांच्या एका तराजूचें आहे.

जुन्या नटांनीं हें ओळखलें होतें. १८८१ सालीं लंडनच्या लायसिअम नाट्यगृहांत हेन्री आयर्विंग यांनीं अमेरिकेचे एडविन बूथ यांना सन्मानानें बोलाविलें, आणि दोघांनीं ऑथेल्लो व इयागो या भूमिका आलटून पालटून केल्या. डेस्डिमोना एलन टेरी. त्या वेळींही दर वाढविले होते. पण प्रेक्षकाला त्या वाढीव दरांत तराजूचीं दोन्हीं पारडीं दोन्हीं बाजूंनीं पाहावयास मिळालीं, आणि निकालही लागला: आयर्विंग यांनीं ऑथेल्लोचा वेष पुढें पुन्हा चढविला नाहीं. मोठ्या नटांनीं स्वतःला असें पणाला लावलें म्हणजे चढा दर आम्हांस खुपत नाहीं. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत पणाला काय लागलें होतें? भूमिका ठरलेल्या, मुदत ठरलेली, उत्पन्न आधींच ठरलेलें.

पात्रयोजनेच्या वादाचा एक काळा अध्यायही याच नाटकाशीं निगडित आहे. १८३३ च्या मार्चमध्यें कव्हेंट गार्डन येथें एडमंड कीन ऑथेल्लोची भूमिका करतां करतां रंगभूमीवरच कोसळले. इयागोच्या वेषांत त्यांचा पुत्र समोर उभा होता. पुढील महिन्यांत त्याच नाट्यगृहांत ती भूमिका आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णी नटानें केली. ऑल्ड्रिज मूळचा न्यूयॉर्कचाच. मायदेशीं त्याला रंगभूमि नव्हती म्हणून तो समुद्र ओलांडून आला होता. कांहीं वृत्तपत्रांनीं त्याच्यावर जी आग पाखडली ती अभिनयाविषयीं नव्हती, कातडीविषयीं होती. दोन प्रयोगांत त्याला गाशा गुंडाळावा लागला. पुढें युरोपखंडानें त्याला डोक्यावर घेतलें, आणि १८६७ सालीं तो परदेशांतच वारला. त्याच वर्षीं महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ छापून प्रसिद्ध झाला, हा एक नुसता योगायोग. ज्या शहरानें ऑल्ड्रिजला घालविलें त्या शहरांत २०२५ सालीं त्याच भूमिकेसाठीं एका कृष्णवर्णी नटाकरितां हजार हजार डॉलर मोजले गेले, ही गोष्ट दरांविषयीं कुरकुर करणाऱ्या आमच्यासारख्यांनींही क्षणभर ध्यानांत घ्यावी. भावानें आपल्या तिसऱ्या पत्रांत हा मुद्दा मांडला आहे आणि बहिणीनें त्याला उत्तर दिलेलें नाहीं. उत्तर नाहींच.

आतां पैशांकडे वळूं. भावाचा युक्तिवाद व्यवहारी आहे. नट चित्रपटांतून मोजके आठवडेच मोकळा होतो, आसनें हजार, आठवड्याला प्रयोग आठ, आणि पाहूं इच्छिणारे लाखों. अशा स्थितींत चालकांनीं दर उतरविला तरी प्रेक्षकाला तो उतरलेला मिळत नाहीं, मधला दलाल तीच खुर्ची पुन्हा चढ्या भावानें विकतो. मग ती मिळकत नाटक करणाऱ्यांनींच कां घेऊं नये? हा युक्तिवाद खोटा नाहीं. बहीण म्हणते, नाटक ही कांद्याची वखार नव्हे. हेंही खोटें नाहीं, पण हें उत्तर नव्हे.

उत्तर शोधावयाचें तर पुन्हा त्याच कव्हेंट गार्डनकडे, पण आणखी चोवीस वर्षें मागें जावें लागेल. १८०८ सालीं जुनें नाट्यगृह जळालें. नवें बांधण्यास अपार खर्च झाला, आणि १८ सप्टेंबर १८०९ रोजीं ‘मॅक्बेथ’नें तें उघडलें तेव्हां जॉन फिलिप केंबल यांनीं दर वाढविले: बॉक्सचे सहा शिलिंग होते ते सात केले, पिटाचे साडेतीन होते ते चार. सर्वांत वरच्या गॅलरीचा दर तोच ठेवला, परंतु ती इतकी उंच व अशी बांधली कीं तेथून नटांचे पाय तेवढे दिसावेत! शिवाय श्रीमंतांसाठीं खासगी बॉक्सची एक सबंध रांग काढली, आणि कॅटॅलानी या परदेशी गायिकेला भारी वेतनावर करारबद्ध केलें. पहिल्याच रात्रीं केंबल बोलूं लागले तेव्हां प्रेक्षकांनीं शिट्या, घंटा, खुळखुळे व आरोळ्या यांच्या गदारोळांत एक शब्द ऐकूं येऊं दिला नाहीं. हा प्रकार सदुसष्ट रात्री चालला. सदुसष्ट रात्री लोक पैसे भरून आंत गेले तें नाटक ऐकूं न देण्यासाठीं! अखेरीस केंबल यांना क्षमा मागावी लागली. पिट पुन्हा साडेतीन शिलिंगांवर आलें, खासगी बॉक्स कमी झाले, कॅटॅलानी तर आधींच गेली होती. बॉक्सचे सात शिलिंग मात्र लोकांनीं तसेच राहूं दिले.

या शेवटच्या तपशिलाकडे आमचें लक्ष पुन्हा पुन्हा जातें. दंगेखोर म्हणून ज्यांना हिणविलें त्यांचें भांडण श्रीमंतानें किती द्यावें याविषयीं नव्हतें. ज्याला द्यावयाचें असेल त्यानें खुशाल सात द्यावेत. पण पिटांतला माणूस, म्हणजे जो कारकून, जो विद्यार्थी, जो कारागीर रोज येतो, ज्याच्या हंशानें नट सावध होतो आणि ज्याच्या निःशब्दतेनें तो थरारतो, त्याची जागा त्याच्या आंवाक्यांतच राहिली पाहिजे, आणि गॅलरींतून नटाचें तोंड दिसलें पाहिजे. मागणी एवढीच. ब्रॉडवेच्या ९२१ डॉलरांविषयीं आमची तक्रार त्या आंकड्याशीं नाहीं. त्या आठवड्यांत सरासरी तिकीटच साडेतीनशें डॉलरांच्या वर गेलें होतें, ही खरी बातमी. सरासरी तेथें गेली म्हणजे पिट उरलें नाहीं. सगळ्या नाट्यगृहाचाच बॉक्स झाला. ज्या नाटकांत इयागो त्या भोळ्या रॉडरिगोला थैली भरण्याचा उपदेश पुन्हा पुन्हा करतो, तें नाटक केवळ भरल्या थैल्यांच्या समोर चालावें यांत जो विनोद आहे तो चालकांच्या ध्यानांत आला असेल कीं नाहीं कोण जाणे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे काय झालें? ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत ‘संयुक्त मानापमान’ झाला तेव्हां दर काय स्वस्त होते? नव्हते, त्या काळच्या मानानें ते डोळे पांढरे करणारेच होते. किर्लोस्कर मंडळीनें १९११ सालीं रंगभूमीवर आणलेलें खाडिलकरांचें नाटक, दहा वर्षें लोकांच्या ओठांवर खेळलेलीं गोविंदराव टेंबे यांच्या चालींचीं पदें, आणि दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन अधिपति एकाच रंगमंचावर: भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. आजच्या शब्दांत सांगावयाचें तर हें नटांच्या नांवावर उभें केलेलें पुनरुज्जीवनच होतें. आणि त्या नाटकाचा विषय पाहावा! पैशाच्या मानाला भुललेली भामिनी गरीब सेनापतीचा अपमान करते, आणि पैशापुढें पराक्रम थोर हें शिकावयास तिला वनमाला व्हावें लागतें. हा धडा त्या रात्रीं सर्वांत महाग खुर्चीवर बसलेल्यांनीं ऐकला.

तरी आम्ही त्या रात्रीची व ब्रॉडवेची तुलना बरोबरीनें करणार नाहीं, आणि याचीं कारणें दोन. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जावयाचें होतें. पैसा कोठें चालला हें देणाऱ्याला ठाऊक होतें. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. ज्याला त्या रात्रीं बाहेर राहावें लागलें त्याला तेच बालगंधर्व आणि तेच केशवराव पुढें आपापल्या मंडळींत, रोजच्या दरांत, पिटांतून ऐकतां येणार होते. असाधारण रात्र महाग होती, कारण साधारण रात्री अस्तित्वांत होत्या. न्यूयॉर्कमध्यें वॉशिंग्टन यांची साधारण रात्र कोणती?

केशवरावांच्या बाबतींत मात्र दैवानें हाही हिशेब मोडला. तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, विषमज्वरानें ते गेले. वय अवघें एकतीस. पुढल्या हंगामांत ऐकूं म्हणून ज्यांनीं त्या रात्रीं पैसे वांचविले त्यांनीं काय वांचविलें? भावाच्या पहिल्या पत्रांतील ‘अशी संधि पुन्हा येणें नाहीं’ हें वाक्य वाचतांना आम्हांस ही गोष्ट आठवली, आणि त्याला उधळ्या म्हणण्याचें आमच्या जिभेवर येईना. नटाची कला मर्त्य आहे. चढ्या दराच्या बाजूनें एवढा एकच मुद्दा असा आहे कीं ज्याला आम्ही हरतों.

मात्र त्यानें ते ९२१ डॉलर दिले नाहींत. दोन खुर्च्यांचा हिशेब त्यानें कागदावर मांडला, घरभाड्याशीं ताडून पाहिला आणि कागद बहिणीला पाठवून दिला. त्याच वर्षीं ऑगस्टांत, त्याच शहरांत, सेंट्रल पार्कमधील डेलाकोर्ट हें उघडें नाट्यगृह दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालें. १९६२ पासून तेथें शेक्सपिअर फुकट दाखविला जातो. नाटक होतें ‘ट्वेल्फ्थ नाइट’. आसनें सुमारें अठराशें, आणि नटवर्ग असा कीं बॅरीमोरच्या चालकांनाही हेवा वाटावा: ऑलिव्हिया सँड्रा ओ, माल्व्होलिओ पीटर डिंक्लेज, आणि व्हायोला व सेबॅस्टियन या जुळ्या भावंडांच्या भूमिकांत लुपिता न्योंगो व त्यांचेच सख्खे धाकटे बंधु. पात्रयोजना असावी तर अशी, कीं जिच्यांत नटाची कीर्ति आणि नाटकाची गरज यांना एकमेकींची वाट अडवावी लागत नाहीं.

फुकट म्हणजे अगदींच फुकट नव्हे. पहांटेपासून रांगेंत बसावें लागतें. दुपारीं तिकिटें वांटतात. पैशाऐवजीं वेळ मोजावा लागतो, आणि वेळही सर्वांपाशीं सारखा नसतो: रोजंदारीवरचा माणूस सात तास गवतावर बसूं शकत नाहीं, हें बहिणीनेंच प्रांजळपणें लिहिलें आहे. पण रांगेचा एक गुण बाजारांत नाहीं. भावानें लिहिलें आहे कीं त्याच्या पुढें एक निवृत्त शिक्षिका घडीची खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मागें दोन विद्यार्थी. डिंक्लेज यांना माल्व्होलिओ द्यावा कीं सर टोबी, यावरून चौघांत साडेतीन तास वाद झाला. शिक्षिकाबाईंनीं त्याला विचारलें, तुमच्या भाषेंत हें नाटक आहे काय? त्यानें त्यांना मराठींतील ‘ऑथेल्लो’ची, देवलांची आणि भुजंगनाथाची हकीकत सांगितली. भुजंगनाथ त्यांना फार आवडला.

तिकीट मिळालें. खुर्ची कोठली मिळाली हें त्यानें कळविलेलें नाहीं.